दगडाला टाकी, पाण्याला वाट

*हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीची पिठाची गिरणी आणि छत्रपती संभाजीनगरची तीनशे वर्षांची पनचक्की. मध्ये दोनशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता, पण दोन्हीकडचं दुखणं एकच. तेव्हा पुढच्या वीकेण्डला पनचक्की बघणार असाल, तर आधी गिरणीत तासभर बसा!*

पिठाची गिरणी बघायची तर ती बंद असताना बघावी. चालू असते तेव्हा नुसता घरघराट, पांढरा धुरळा आणि डब्यांची रांग. बंद असते तेव्हा पट्टा उतरवलेला असतो, झाकण काढलेलं असतं आणि आपण रोज ज्याचं पीठ खातो तो दगड पहिल्यांदा नजरेला पडतो. मला तो दिसला कळमनुरीत, मावशीकडे दोन दिवस राहायला गेले होते तेव्हा.

कळमनुरी म्हणजे हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. हिंगोलीपासून वीसेक किलोमीटर. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला, त्यात हा तालुका आला. तालुक्यात पैनगंगेवरचं इसापूरचं मोठं धरण आहे, कयाधू नदी आहे आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन, कापूस, हळद, ज्वारी. ‘टॉप टेन डेस्टिनेशन्स’च्या यादीत हे नाव तुम्हाला सापडणार नाही. पण ज्वारीची गरम भाकरी, ठेचा आणि वर कच्च्या तेलाची धार असं ताट समोर आलं की यादीबिदी विसरायला होतं.

त्या भाकरीचं पीठ आणायलाच मावशीने मला पिटाळलं. हातात ज्वारीचा डबा देताना म्हणाली, “आज ते टाकी लावायलेत. पहिला नंबर लावू नको बरं का!”

मल्टिप्लेक्सपासून एटीएमपर्यंत सगळीकडे पहिला नंबर लावायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे जरा विचित्रच. पण कारण साधं आहे. टाकी लावल्यानंतरच्या पहिल्या दळणात दगडाची बारीक कच उतरते. ते पीठ कोणी खात नाही. गिरणीवाले थोडं धान्य घालून ते पहिलं दळण काढून टाकतात आणि मग गिऱ्हाइकांचे डबे घेतात.

टक्, टक्, टक्

गिरणीत काका उकिडवे बसले होते. पुढ्यात उलटा केलेला दगड, हातात टाकी. टाकी म्हणजे दगडाला टोचे मारायचं धारदार पोलादी हत्यार. दगडावर हात फिरवायचा, गुळगुळीत झालेली जागा शोधायची आणि तिथे टक्, टक्, टक्. मधल्या भोकापासून कडेपर्यंत तिरक्या रेघा आणि रेघांमधल्या जागेत बारीक टोचे. ना मोजपट्टी, ना खडूची खूण.

“ताई, काय लिहायलाव एवढं?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“टाकी कशी लावतात ते.”

“लिहून येत असतं तर पोराला नसतं आलं का?”

पोरगा पुण्यात, कंपनीत. त्याला मोटार खोलता येते, पट्टा बदलता येतो, टाकी मात्र धरता येत नाही. त्याचं बरं चाललंय, हेही काकांनी लगेच सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. पण पुढे कोण, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तरही नव्हतं.

टाकी कधी लावायची हे कळतं कसं? पीठ हातावर घेऊन. गार पीठ आलं तर दगड ठीक. हाताला चटका बसायला लागला की समजायचं, दगड गुळगुळीत झालाय. तो दाणा कापत नाही, नुसता रगडतोय. मोटारीवर लोड येतो, पट्टा घसरतो, पिठाला करपल्यासारखा वास येतो. आणि सगळ्यात आधी तक्रार येते ती घरून: भाकरी थापताना चिरा पडतात!

दगडावरच्या त्या रेघा नक्षीसाठी नसतात. दाणा मधल्या भोकातून आत पडतो. तिथे दोन दगडांमध्ये फट जरा जास्त ठेवलेली असते, म्हणजे दाणा आत शिरतो आणि भरडला जातो. कडेकडे फट कमी होत जाते, अगदी कागद सरकेल एवढीच, आणि तिथे बारीक पीठ होतं. रेघांमुळे दाण्याला कापणारी कड मिळते, पिठाला बाहेर पडायला वाट मिळते आणि आत हवा खेळून पीठ गार राहतं. रेघा बुजल्या की हे सगळं थांबतं. म्हणजे गिरणीचं खरं यंत्र मोटार नव्हेच. खरं यंत्र म्हणजे दगडावरच्या त्या रेघा, आणि ते यंत्र दर काही दिवसांनी हाताने पुन्हा घडवावं लागतं.

विजेच्या गिरण्यांमध्ये आता बहुतेक ठिकाणी एमरीचे, म्हणजे कारखान्यात ओतून बनवलेले दगड असतात. ते नैसर्गिक दगडापेक्षा टणक. पण टाकी त्यांनाही चुकलेली नाही. टाकी चुकली ती फक्त आपल्या फ्लॅटमधल्या घरघंटीला, कारण तिच्यात दगडच नसतो. फिरणारी पोलादी पाती दाणे फोडतात आणि पीठ जाळीतून खाली पडतं.

जात्याचे डॉक्टर

गिरण्या येण्याआधी हे काम घरोघरच्या जात्यांचं होतं. गावोगाव फिरून जात्याला टाकी लावून देणारी माणसं असायची. विदर्भ-मराठवाड्याकडे त्यांना टाकणकार म्हणत. हे नाव त्या कामावरूनच आलं. आज तुम्हाला ‘टाकणकार’ हा शब्द दिसला तर तो बहुधा सरकारी कागदावर दिसेल: महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत, पारधी या नोंदीखाली. काम गेलं, नाव उरलं.

जात्याच्या बाबतीत आपण एक गोष्ट फार चांगली केली. जात्यावरच्या ओव्या जपल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि आज त्यातल्या कितीतरी इंटरनेटवर ऐकता येतात. अभिमान वाटावा असंच काम. पण गाणं म्हणणारीचा हात ज्या दगडावर फिरायचा, त्या दगडाला टाकी लावणाऱ्या माणसाचं ज्ञान? त्याची अशी नोंद फार कोणी ठेवली नाही. ते अजूनही काकांसारख्यांच्या मनगटात आहे आणि मनगट काही डाउनलोड होत नाही.

हा प्रश्न फक्त कळमनुरीच्या एका गिरणीचा असता तर मी दळण घेऊन परत आले असते. पण महाराष्ट्रातली सगळ्यात प्रसिद्ध गिरणी याच मराठवाड्यात आहे, तिथेही दगडच आहेत, आणि ती आपण सगळ्यांनी शाळेच्या ट्रिपमध्ये पाहिलेली आहे. म्हणून परतीच्या वाटेवर औंढा नागनाथ, जिंतूर, मंठा, जालना करत मी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला उतरले. थेट पनचक्कीला!

पंप नाही, वीज नाही

खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ हा परिसर आहे. बीबी का मकबरा इथून जवळच. आत शिरलं की समोर लांबरुंद हौद, शेजारी मशीद, बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आणि भला मोठा वड. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडून दख्खनेत आलेले नक्षबंदी सूफी संत, औरंगजेबाच्या काळातले. इथे यात्रेकरू यायचे, फकीर यायचे, विद्यार्थी राहायचे. एवढ्या लोकांच्या रोजच्या पोळीसाठी पीठ लागायचं. त्यासाठी ही चक्की. तिच्यासाठी साधारणपणे १६९५ हे साल सांगितलं जातं. कारंज्यांचा हौद त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी जमील बेग खानाने बांधला असं मानतात. पुढे अठराव्या शतकात निजामाचा सरदार तुर्कताज खान यानेही इथल्या बांधकामात भर घातली.

हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. वर पाणी, खाली थंडगार खोली. एसीचा शोध लागण्याआधीचा हा जुगाड मेच्या उन्हात अनुभवून बघा.

आता मुख्य गोष्ट. हे पाणी येतं कुठून? हर्सूलच्या बाजूने, काही किलोमीटरवरून, जमिनीखालच्या नहरीतून. या शहराला नहरींची सवय मलिक अंबरने लावली. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजच्या शहराची सुरुवात केली, आणि डोंगराकडचं पाणी नहर-ए-अंबरीतून गावात आणलं. पनचक्कीची नहर त्यानंतरची, पण तत्त्व तेच. उगम उंचावर, शहर खाली, मधे मातीचे नळ आणि दगड-चुन्याचं बांधकाम. उतारावर पाणी आपोआप येतं. नळ बंद असेल तर वाटेत खोलगट जागा आली तरी पाणी पुन्हा जवळपास उगमाच्या पातळीपर्यंत चढतं. पनचक्कीतल्या त्या उंच भिंतीवर पाणी चढतं ते याच जोरावर आणि वरून खाली कोसळतं.

चक्कीच्या खोलीखाली पाण्याचा झोत पात्यांवर आदळतो. पाती फिरतात, त्यांच्याबरोबर उभा दांडा फिरतो आणि त्या दांड्यावर बसवलेला वरचा दगड फिरतो. खालचा दगड स्थिर. मध्ये गिअर नाही, पट्टा नाही. पात्यांचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा.

ताकद किती मिळते याचं गणित शाळेतलंच आहे. समजा, दर सेकंदाला ५० लिटर पाणी चार मीटरवरून पडलं, तर सुमारे दोन किलोवॅट. (हा पनचक्कीचा आकडा नव्हे, फक्त अंदाज यावा म्हणून.) त्यातलीही बरीच ताकद शिंतोडे आणि घर्षण यांत वाया जाते. म्हणजे उरते ती एखाद्या एसीला लागते त्याहूनही कमी. तेवढ्यात भलामोठा दगड फिरवायचा! म्हणूनच इथे प्रत्येक गळती महाग पडते. पाणी अर्ध्यावर आलं की ताकद अर्ध्यावर येते आणि दगड रुसतो.

बिघडतं ते काय काय?

दर्ग्याच्या परिसरात येणारा माणूस सरासरी काय करतो? हौदाजवळ फोटो, वडाखाली फोटो, चक्कीच्या खोलीत एक नजर, आणि “चला, आता मकबरा!” मीही शाळेत असताना हेच केलं होतं. पण काकांचा तो उलटा दगड पाहून आलेल्या माणसाला इथे वेगळ्याच गोष्टी दिसतात. पाणचक्की म्हणजे साखळी आहे आणि तिचा प्रत्येक दुवा वेगवेगळ्या पद्धतीने बिघडतो.

सुरुवात पाण्यापासून. नहरीत गाळ साचतो. झाडांची मुळं ओलाव्याच्या वासाने मातीच्या नळात घुसतात. वरून रस्ते होतात, इमारती उभ्या राहतात, कुठल्या तरी केबलसाठी खोदताना नळ फुटतो. शहर वाढतं तशी नहरीची जागा कमी होते. डागडुजी करायची तर आत उतरावं लागतं, गाळ उपसावा लागतो आणि चुन्याचं काम चुन्यानेच करावं लागतं. सिमेंट झटपट असतं, पण ते जुन्या चुन्यापेक्षा फार ताठर. जुनं बांधकाम जरा हललं की जोडाशेजारीच नवी भेग पडते.

मग पाती. सतत ओल्यात असलेलं लोखंड गंजतं, लाकूड कुजतं. एखादं पातं तुटलं तर चाकाचा तोल जातो आणि चाक फिरताना हिसके देतं. पाण्याबरोबर आलेली काटकी अडकली तरी तेच. म्हणून झोताच्या आधी जाळी हवी आणि ती जाळी रोज साफ करणारा माणूस हवा.

मग उभा दांडा. सगळ्या दगडाचं वजन खाली एका टोकावर तोललेलं असतं. ते टोक झिजलं की वरचा दगड खाली बसतो, दगडावर दगड घासतो. दांडा किंचित वाकला तरी दगड डुलतो. एका बाजूने पीठ बारीक, दुसऱ्या बाजूने भरड. दांडा जिथे खालच्या दगडातून वर येतो तिथली फट नीट बुजवावी लागते, नाहीतर पीठ खाली पाण्यात आणि ओल वर पिठात.

आणि शेवटी दगड. त्याला टाकी लागतेच. शिवाय एक नियम कोणतीही दगडी गिरणी चालवणारा सांगेल: दाणे नसताना दगड फिरवायचा नाही. मध्ये धान्य नसेल तर दगड दगडाला खातो. दाखवण्यासाठी रिकामी फिरणारी चक्की दळणाऱ्या चक्कीपेक्षा लवकर झिजते, ही यातली खरी गंमत.

नीट पाहा, या चारपैकी एकही काम रंगरंगोटीचं नाही. भिंत पुसून, दिवे लावून, बोर्ड टांगून यातलं काहीही दुरुस्त होत नाही. इमारत रिकामी उभी राहू शकते. यंत्राचं तसं नसतं. ते चालतं ठेवलं तरच टिकतं, आणि चालतं ठेवणारा माणूस रोज लागतो. तीनशे वर्षांपूर्वी तो असायचा, कारण पीठ झालं नाही तर लोक उपाशी राहिले असते. आज पनचक्कीच्या पिठावर कोणाची पोळी अवलंबून नाही. चक्की बंद पडली तर कोणाचंच अडत नाही. तिचं खरं दुखणं हेच.

डच लोक काय करतात?

जगात हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडलाय असं नाही. नेदरलँड्सने त्यावर वेगळा विचार केला. चक्क्या वाचवायच्या तर आधी चक्की चालवणारे वाचवायला हवेत, म्हणून तिथे १९७२ मध्ये हौशी चक्कीवाल्यांची संघटना उभी राहिली. आठवडाभर ऑफिस करणारे लोक रीतसर शिकतात, परीक्षा देतात आणि सुट्टीच्या दिवशी चक्की चालवतात. २०१७ मध्ये युनेस्कोने पवनचक्की आणि पाणचक्की चालवण्याच्या त्यांच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. लक्षात घ्या, मान मिळाला तो चक्कीवाल्याच्या हुनराला.

इतकं लांब जायचं नसेल तर उत्तराखंडात जा. तिथल्या ओढ्यांवरच्या घराट, म्हणजे पाणचक्क्या, बऱ्याचशा आपल्या पनचक्कीच्याच जातीच्या: आडवं चाक, उभा दांडा, वर दगड. डेहराडूनच्या हेस्को या संस्थेने, डॉ. अनिल जोशी यांच्या पुढाकाराने, जुन्या घराटांमध्ये सुधारणा केल्या. लाकडी पात्यांच्या जागी धातूची पाती, खाली बेअरिंग, काही ठिकाणी त्याच चाकावर थोडी वीजही. घराट टिकला तो कुंपण घालून नव्हे. गावाला पुन्हा उपयोगी पडला म्हणून टिकला.

पनचक्की हे ऐतिहासिक ठिकाण आहे, तिथे बेअरिंग आणि वेल्डिंगचे प्रयोग करा असं कोणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. मराठवाड्यात टाकी धरणारे हात अजून आहेत. कळमनुरीत आहेत, तसे आणखी कितीतरी गावांत असतील. ते सगळे साठीच्या आसपास किंवा पुढचे. वर्षातून काही ठरावीक दिवस चक्कीला टाकी लावण्याचं काम लोकांसमोर झालं, शेजारी दोन-चार तरुण हात शिकायला बसले आणि त्या दिवशी मूठभर का होईना, ज्वारी दळली गेली, तर पर्यटकांना फोटोपेक्षा मोठं काहीतरी बघायला मिळेल. दगडाला दाणे मिळतील. आणि काकांसारख्या माणसांना कोणीतरी पहिल्यांदा विचारेल, “हे शिकवाल का?”

हे व्हायला फार वर्षं हातात नाहीत. नहर आज ना उद्या उपसता येईल, पाती नवी घडवता येतील. टाकीचा हात मात्र एकदा गेला की तो कुठल्याही निधीतून परत आणता येत नाही. तोपर्यंत तुम्ही गेलात तर एवढं करा: चक्कीच्या खोलीत नेहमीपेक्षा पाच मिनिटं जास्त थांबा आणि तिथे जो कोणी असेल त्याला विचारा, “या दगडाला शेवटची टाकी कधी लागली?” प्रश्न विचारणारे वाढले की उत्तर शोधणारेही वाढतात.

जायचं असेल तर…

पनचक्की: मुंबईहून देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेसने छत्रपती संभाजीनगरला उतरा, पुढे रिक्षा. पुण्याहून बसची सोय भरपूर. पाऊस चांगला झाला की नंतरचे महिने उत्तम. उन्हाळ्यात पाण्याचा जोर कमी असू शकतो. हे धार्मिक स्थळ आहे, राज्य वक्फ मंडळाचं कार्यालयही याच परिसरात आहे, तेव्हा वावर आणि कपडे त्याला साजेसे ठेवा.

कळमनुरी: जवळचं रेल्वे स्टेशन हिंगोली डेक्कन. नांदेडला उतरलात तर अर्धापूर, वारंगा फाटा, आखाडा बाळापूरमार्गे एसटीने या. सोबत औंढा नागनाथ आणि संत नामदेवांचं नर्सी जोडून घेता येईल.

खायचं काय: ज्वारीची भाकरी, गिरणीतून आणलेल्या ताज्या पिठाची. फक्त टाकी लावल्याच्या दिवशी दळायला गेलात, तर नंबर दुसरा लावा!